अडतीस मेंढ्या आणि एक जबाब

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला शिपाई समजले आणि चांगलंच झापलं.

जानेवारीतला गुरुवार होता. आमच्या जनावरांच्या दवाखान्यातली पाण्याची मोटार चोरीला गेली होती, म्हणून तक्रार द्यायला मी भर दुपारी निंबसांगवीच्या पोलीस ठाण्यात गेले. आवारात जिकडे पाहावं तिकडे मेंढ्या. आणि मधोमध एक उंच माणूस, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात नुसता बनियन, पाइपने एका मेंढीला अंघोळ घालत होता. मेंढी ओरडत होती आणि तो तिला समजावत होता, "झालं, झालं… एवढं डोकं राहिलंय."

"अहो, तो फेस कसला आहे?" मी विचारलं.

"शाम्पूचा."

"कुणाच्या?"

"माझ्या," तो म्हणाला. "का, चालत नाही यांना?"

मग मी सुरू झाले. मेंढी म्हणजे तुमच्या साहेबांची गाडी नव्हे, थंडीत असं भिजवल्यावर ती खोकायला लागेल, तुमच्या साहेबांना काही कळतं की नाही, वगैरे. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. माढ्याला आई त्यावरून रोज बोलायची. तो खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात हवालदार जोतीराम आतून धावत आले, हातात तीन स्टारांचा शर्ट. "साहेब, सोलापूरचा फोन हाय."

माझे कान तापले. साहेबांनी शर्ट घातला, फोन घेतला आणि परत येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी साहेबांना सांगतो, डॉक्टर. त्यांना खरंच काही कळत नाही."

सहायक पोलीस निरीक्षक अभिमन्यू बिराजदार. जन्म जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. जनावर म्हणून आजवर पाहिलेली शेजाऱ्यांची मांजर. ठाण्याचा प्रभारी होऊन जेमतेम महिना झालेला. पहाटे नाकाबंदीत एक टेम्पो अडवला, चालक उडी मारून पळाला आणि आत निघाल्या अडतीस मेंढ्या. चोरीच्या असणार. आता मालक ठरून कोर्टाचा हुकूम होईपर्यंत त्या मुद्देमाल, आणि मुद्देमाल सांभाळायची जबाबदारी प्रभारीची. निम्मे पोलीस सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेलेले. मेंढ्या भिंतीला अंग घासत होत्या, म्हणून तो त्यांना अंघोळ घालत होता.

मी एकीची लोकर बाजूला केली. गोचीडच गोचीड. मी गाडीतून औषध आणलं आणि म्हटलं, नुसत्या पाण्याने काही होणार नाही, उरलेल्या सगळ्या यात धुऊन काढा, आत्ताच, ऊन आहे तोवर. आणि मीही बाह्या सरसावल्या.

दोन तास आम्ही मेंढ्या धुतल्या. तो एकीला धरायचा, ती त्यालाच घेऊन पळायची. त्याच्या कपाळावर फेस होता आणि त्याला तो दिसत नव्हता. गटारातून तांबडं पाणी वाहत होतं. "किती माती असते हो यांच्या अंगावर," तो म्हणाला आणि मी नुसतीच हसले. घरी आल्यावर आठवलं, मोटारीची तक्रार द्यायची राहूनच गेली.

शुक्रवारी सकाळी मी औषधाचा परिणाम बघायला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बघते तर बऱ्याच मेंढ्यांची कास दगडासारखी घट्ट झालेली. म्हणजे या लेकुरवाळ्या होत्या, कोकरं कुठेतरी मागे राहिली होती. दूध काढलं नाही तर कास सुजणार. मी एकटी किती काढणार… मी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मुद्देमाल सांभाळायची जबाबदारी कुणाची?"

तो शेजारी उकिडवा बसला. बोटं कशी धरायची ते शब्दांत सांगता येईना, म्हणून मी त्याचा हात धरून दाखवलं. त्याला लगेच जमलं असावं, पण त्याने जमल्याचं सांगितलं नाही. मीही हात काढला नाही. मेंढी मात्र आमच्याकडे मान वळवून बघत होती.

मधेच उठून तो कामं करून यायचा. प्रभारी अधिकारी म्हणजे काय ते मला तिथे बसून कळलं. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची सून माहेरी गेली ती परत येईना, भोंग्याचा आवाज, शाळेपुढे उभी राहणारी पोरं, आठवडी बाजारात लावायच्या गाड्या, पासपोर्टची चौकशी, सगळं साहेबांच्या टेबलावर. गावात कुणी शिंकलं तरी वरून फोन यायचा, तुमच्या हद्दीत काय चाललंय? तो प्रत्येकाला बसा म्हणायचा, पूर्ण ऐकून घ्यायचा आणि मग अंगठ्याचं नख खायचा. मी सांगितलं, नख खाऊ नका, मेंढीला लावलेला हात आहे. तो म्हणाला, "डॉक्टर, मला रोज सकाळी वाटतं, आज माझ्या हातून काहीतरी चुकणार. ज्याचं चुकेल त्याचं घर बुडेल, आणि मी फक्त खुलासा लिहीन."

दुपारीच ते खरं झालं.

अंबुबाई सांगोल्याच्या बाजूची धनगरीण. साठीची असेल. रानात मेंढ्या बसवल्या होत्या, नवरा आजारी, रात्री चोरांनी मेंढ्या नेल्या. ही दोन दिवस वाटेत विचारत विचारत आली. आवारात शिरताच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते गेलं.

"साहेब, खूण कुटं गेली?"

"कसली खूण?"

"माज्या मेंढरांच्या पाठीवर तांबड्या रंगाचा पट्टा असतोय. गेरूचा. आमच्या घरचीच खूण हाय की ती. सारी ओळखत्यात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गटाराकडे पाहिलं.

माती नव्हती ती. शहरात वाढलेल्या माणसाला कळलं नाही, समजू शकते. पण मी जनावरांची डॉक्टर. धनगर मेंढ्यांवर रंग लावतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत. तांबडं पाणी माझ्या पायावरून वाहत होतं आणि मी हसत होते.

पंचनाम्यातही खूण नव्हती. जोतीरामांनी पहाटेच्या अंधारात घाईत 'काळ्या-पांढऱ्या मेंढ्या, अडतीस' एवढंच लिहिलं होतं. आणि आदल्या संध्याकाळीच उदयसिंह नावाचा एक व्यापारी बाजारातली पावती घेऊन येऊन गेला होता. माल माझा, चालक पोलिसांना बघून घाबरला, असं त्याचं म्हणणं. पावतीवरही अडतीस. सोमवारी कोर्टात अर्ज. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला एक बाई आणि धुऊन गेलेला रंग. अंबुबाईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, रडलीही नाही. मेंढ्यांपुढे मटकन खाली बसली आणि त्यांच्या अंगावरून हात फिरवत राहिली.

अभिमन्यूने ठाण्याची डायरी ओढली आणि माझ्यासमोर लिहिलं. मेंढ्या मी धुतल्या, त्यामुळे ओळखीची खूण नष्ट झाली, चूक सर्वस्वी माझी. एवढंच. माझं नाव कुठेच नाही.

जोतीराम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी मेंढरं तपासल्याच्या दाखल्यात एक ओळ लिवा. मेंढरं आली तवाच रंग नव्हता म्हणावं. साहेब यातनं सुटतील."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि खरं सांगते, माझंही मन क्षणभर हललं. पण ती ओळ लिहिली की अंबुबाई खोटी ठरणार होती. आतून अभिमन्यूचा आवाज आला, "जोतीराम, त्यांना काही सांगू नका." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही जे पाहिलं तेच लिहा."

"मी पाहिलं ते तुम्ही कुठे लिहिलंय? धुवायला मी सांगितलं होतं. माझा जबाब घ्या."

"गरज नाही."

"घाबरता?"

"हो," तो म्हणाला. "माझी चौकशी होईल ती होईल. तुमची नको."

तो इतकं सरळ बोलला की मला पुढे भांडता येईना. शनिवारी वरून त्याचा खुलासा मागवला गेला. मला जेवण गेलं नाही. तीन वर्षं नोकरी करून मिळवलेलं नाव जाईल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती… तो निंबसांगवीतून गेला तर? दोन दिवसांत कुणाची इतकी सवय होते का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर मला आवडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी दूध काढत होते, अंबुबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "पोरं वरडून वरडून घसा बसला गं त्यांचा. शेळीच्या दुदावर कसंबसं जगीवलंय."

"कुठली पोरं?"

"कोकरं, बाई. चोरांनी मोटी मेंढरं न्हेली. कोकरं जाळीतच ऱ्हायली न्हवं का, पालापाशी."

मी भांडं तसंच ठेवून आत धावले. मेंढी दुसरीचं कोकरू पाजत नाही. आपलं असेल तरच उभी राहते, नाहीतर ढुशी देते. कोकरं आणायची, पंच बोलवायचे, व्यापाऱ्यालाही बोलवायचं आणि सगळ्यांसमोर सोडायची.

अभिमन्यूचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "ओळखतीलच?"

इथे मला खोटं बोलता आलं नाही. तीन दिवस ताटातूट झाली होती. मेंढी वासावरून ओळखते, आणि औषधाच्या वासाने त्यांची स्वतःचीच नाकं भरली होती. "बहुतेक," मी म्हटलं. "नाही ओळखलं तर तेही लिहावं लागेल?"

"लिहावंच लागेल. आणि मग अंबुबाईचं काहीच उरणार नाही."

आम्ही दोघांनी तिलाच विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई हाय ती. तुमी कागदाचं बघा."

रविवारी चार वाजता टेम्पोतून कोकरं आली. आवाराच्या एका टोकाला मेंढ्या, दुसऱ्या टोकाला कोकरं. दोन पंच, मोबाइलवर चित्रण करणारी शिपाई सिद्धेश्वरी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला उदयसिंह खुर्चीवर पाय हलवत बसलेला. अभिमन्यू टोपी घालून ताठ उभा होता, पण त्याचा अंगठा तोंडाकडे निघालेला मला दिसला. मी डोळे वटारले. त्याने हात खाली घेतला.

जाळी उघडली. कोकरं आधी गोंधळली, मग एकदम धावली. पहिलं कोकरू एका काळ्या मेंढीपाशी गेलं. तिने हुंगलं आणि ढुशी मारून बाजूला लोटलं. दुसऱ्या मेंढीनेही तेच केलं. उदयसिंह हसला. माझ्या शेजारी कुणाचा तरी श्वास थांबल्याचं कळलं आणि तो कुणाचा ते मला बघावं लागलं नाही.

तेवढ्यात अंबुबाईने तोंडाने एक आवाज काढला. "ह्रर्र… ह्रर्र… हिकडं." रोज संध्याकाळी काढायची तोच. मेंढ्यांनी माना वर केल्या. एकीने हाक घातली, लांबून एका कोकराने ओ दिली, आणि मग आवारात असा काही गलका उठला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. लोटलेलं कोकरू चार मेंढ्या ओलांडून पाचवीपाशी गेलं. तिने त्याची शेपटी हुंगली आणि पाय फाकवून उभी राहिली. पाहता पाहता ठिकठिकाणी शेपट्या हलू लागल्या. सत्तावीस कोकरं आणि सत्तावीस आया. उरलेल्या अकरा मेंढ्या अंबुबाईच्या हाकेवर तिच्याभोवती गोळा झाल्या.

तिने पदर तोंडाला लावला आणि आत्ता कुठे रडली. उदयसिंह पावती खिशात घालून फाटकाकडे निघाला होता. अभिमन्यूने त्याला अतिशय अदबीने बसवून घेतलं, पावती कुणी लिहून दिली तेवढं सांगून जा म्हणाला.

ऊन कलल्यावर पंच गेले. मी साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता माझा जबाब घ्या."

"डॉक्टर, सोमवारी कोर्ट मेंढ्या तिलाच देईल. आता कशाला?"

"तुमचा खुलासा अर्धा आहे म्हणून."

त्याने कागद घेतला. नाव, वय, धंदा. सगळं अगदी रीतसर. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. गोचीड पाहिले, औषध दिलं, सगळ्या मेंढ्या धुवायला मीच सांगितलं, तांबडं पाणी वाहताना पाहिलं.

"धनगर रंग लावतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तेव्हा लक्षात का आलं नाही?"

"माझं लक्ष मेंढ्यांकडे नव्हतं."

पेन थांबलं. बाहेर सिद्धेश्वरी कुणाला तरी बसा म्हणत होती.

"हे मला विचारावं लागेल," तो हळू म्हणाला. "कुठे होतं?"

"लिहून घेणार?"

"विचारलं तर लिहावं लागतं. वरिष्ठ वाचतील. कदाचित कोर्टातही…"

पण माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही.

"तुमच्याकडे."

तो कागदावर वाकला. लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं असावं, कारण त्याने दोनदा गिरवलं. मग घसा साफ केला.

"जबाब वाचून दाखवणं माझं काम आहे," तो म्हणाला, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. शेवटची ओळ त्याने हळू वाचली. "…त्या वेळी माझं लक्ष सहायक पोलीस निरीक्षक बिराजदार यांच्याकडे होतं." त्याने मान वर केली. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"उद्या वरिष्ठ माझाही जबाब घेतील, वैजयंती. मला हेच विचारतील, तुमचं लक्ष कुठे होतं. बदली होईल की आणखी काही, माहीत नाही… काय सांगू त्यांना?"

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. भीती गेली नव्हती, त्याचीही नाही, माझीही नाही. मी टेबलावरचा त्याचा हात धरला. या वेळी दाखवायला काही नव्हतं.

"खरं तेच सांग," मी म्हटलं.