शिनोलीच्या पुढची सवारी

जवळ सरका, आणि तो टीव्ही बंद करा आधी. घोडेगावचे फतेचंदशेठ तुमच्यातल्या कुणी पाहिलेत का? भांड्यांचं दुकान होतं त्यांचं. मितभाषी माणूस. गिऱ्हाइकापुढं कळशी ठेवायचे आणि गप्प बसायचे. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, दुकानाच्या पायरीवर बसून. तशीच सांगतो.

२००३ सालचा मे महिना. अकरा तारीख, रविवार, वैशाख शुद्ध दशमी. शेठची बायको रुक्मिणीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा अंकित पुण्यात स्थायिक झाला, आपली जुनी मारुती बापाला ठेवून गेला. शेठ दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे, आणि मग घरात करायला काहीच उरायचं नाही. म्हणून रविवारी ते एकटेच गाडी काढायचे. शिनोली ओलांडून डिंभे धरणाच्या पाण्यापर्यंत जायचं, थोडं बसायचं, परत यायचं.

त्या दिवशी पावणेआठला त्यांनी गाडी कडेला लावली. उतरले. सवयीनं दाराचं बटण खाली दाबलं, बाहेरचं हँडल उचलून धरत दार लोटलं. दोन पावलं गेल्यावर खिसा चाचपला. किल्ली गाडीलाच लटकत होती. दुसरी किल्ली अंकितकडं, पुण्यात. मोबाईल सीटवर. चारी दारं बंद.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटची एसटीही निघून गेलेली. शेठनी सगळी दारं ओढून पाहिली, कुठं तारेचा तुकडा मिळतो का ते पाहिलं. शेवटी मागची काच फोडावी म्हणून दगड उचलला. हात वर गेला, तो तसाच राहिला.

आत कोणीतरी बसलं होतं.

मागच्या सीटवर, डावीकडं. म्हातारी. डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. नजर समोर. जीप भरायची वाट बघत सवारी बसते ना, तशी.

शेठच्या हातातला दगड गळाला.

"कवा सुटंल गाडी?"

काचा बंद होत्या. तरी आवाज कानाशी बोलावं तसा आला.

"आजी... तुम्ही आत कशा आलात?"

"लई येळ बसलेय, भाऊ."

"ते बटण वर करा. तुमच्या शेजारचं."

"मला न्हाई येत त्यातलं."

पळावं, तर शिनोली मागं चार किलोमीटर. आणि खरं सांगायचं तर, हे शेठच म्हणाले, दोन दिवसांत त्यांच्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं.

"घरी कोन हाय वाट बघाया?" तिनं विचारलं.



"कोणी नाही."

"मंग घाई कसली. बसा."

शेठ कडेच्या दगडावर बसले. ती आत. हे बाहेर. वाऱ्याची झुळूक नाही. चांदण्यात पाणी नुसतं पसरलेलं.

"तुम्हाला जायचं कुठं, आजी?"

तिनं हात उचलला. बोट दाखवलं.

पाण्याकडं.

"त्ये काय. देवळाच्या मागलं घर. ल्योक म्हनला व्हता, न्यायला येतो."

तिकडं देऊळ नव्हतं. घर नव्हतं. धरण झालं तेव्हा ते अख्खं गाव उठलं, माणसं मिळेल तिथं पांगली. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या म्हातारीशी खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"आजी, ते गाव राहिलं नाही. पाणी आलं. माणसं दुसरीकडं गेली राहायला."

तिनं हात खाली घेतला.

"कवा?"

"झाली बरीच वर्षं."

"मला कुनी सांगितलंच न्हाई..."

रडली नाही. गाठोडं तेवढं पोटाशी ओढलं.

मग...

टक्.

पुढच्या दाराचं बटण वर आलं. तिचे दोन्ही हात गाठोड्यावरच होते.

शेठ उभे राहिले. दार उघडं. रस्ता मोकळा. चालत सुटले असते, तर कोणी नावं ठेवली नसती. पण मग ती तिथंच बसून राहिली असती.

शेठ गाडीत बसले.

मागचं दिसू नये म्हणून आरसा वर फिरवला. किल्ली फिरवली. शिनोली आली. गेली. शेठनी एकदाच, पुढं बघत विचारलं, "आजी, घोडेगावला उतराल ना?"

...

दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा साडेनऊ झाले होते. शेठनी मागं वळून पाहिलं.

सीट रिकामी.

फक्त मागची डावी काच आतून वाफेनं धुरकटली होती. ऐन मे महिन्यात. शेठनी रुमालानं पुसली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळला आणि वाफ परत आली. तिसऱ्या दिवशीही. गॅरेजवाल्या महंमद हनीफनं ती काच काढून नवी बसवली.

नव्या काचेवरही तीच वाफ. हाताच्या पंजाएवढी. बसलेल्या म्हातारीच्या तोंडाच्या उंचीला.