दोन आत, एक बाहेर

गाडी पाणथळीच्या फाटकाशी थांबली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. बगळेकाकांनी मागच्या सीटवरून तिपाई ओढून काढली, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि मुलीला तिसऱ्यांदा विचारलं, येतेस का तेवढी आतपर्यंत, दहा मिनिटांचं तर काम आहे. मुलगी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या धुक्याकडे बघत होती.

“त्या बांधावरून मी चालणार नाही, बाबा,” ती म्हणाली. “दहा वाजता या. मी इथेच आहे.”

आता ही आतपर्यंतची सोबत कशाला लागते ते सांगायला हवं, कारण ज्याने कधी पक्ष्यांचे फोटो काढले नाहीत त्याला हा पोरखेळ वाटेल. पाण्याच्या काठाला, बोरूच्या दाटीत, गोणपाटाचं एक खोपटं उभं करतात. त्याला लपण म्हणतात. आत एक स्टूल आणि समोर लेन्सपुरतं भोक. माणूस आत शिरताना पक्षी बघतात, उडून जातात, आणि तो आत आहे हे ठाऊक असेपर्यंत तासन्‌तास फिरकत नाहीत. पण पक्ष्यांना मोजता येत नाही. म्हणून दोघांनी आत जायचं आणि लगेच एकाने सगळ्यांना दिसेल असं, हातवारे करत बाहेर पडायचं. पक्ष्यांच्या लेखी माणूस आला आणि गेला. पाच मिनिटांत सगळे आपापल्या जागी.

बाहेर पडणारं माणूस म्हणजे काकांची बायको. बावीस वर्षं तिने हेच केलं. तिला पक्ष्यांचं काडीचंही वेड नव्हतं, बदक आणि पाणकोंबडी यांतला फरक तिने कधी विचारला नाही. पहाटे उठायचं, नवऱ्याला लपणात सोडायचं, बांधावरून चालत परत यायचं, फाटकाच्या खोलीत विणत बसायचं आणि दहा वाजता पुन्हा जाऊन त्याला घेऊन यायचं. काकांच्या तीन पुस्तकांत आभाराची तीन पानं आहेत. त्यांत लेन्स दुरुस्त करणाऱ्याचं नाव आहे, होडीवाल्याचं आहे, तिचं नाही. घरच्या माणसाचे कसले आभार, असं ते म्हणत, आणि ऐकणारेही माना डोलवत.

दोन वर्षांपूर्वी, असेच पिल्लांचे दिवस असताना, परत जाताना तिचा बांधावरून पाय घसरला. कडेचा गाळ वरून हिरवळीसारखा दिसतो आणि आत कंबरभर, छातीभर, कुठे त्याहून जास्त. तिच्या अंगात काकांचंच जुनं, वाळक्या बोरूच्या रंगाचं जाकीट होतं. रंगीत कपडे घालून पक्षी उडवू नकोस, हा त्यांचाच दंडक. त्यामुळे पलीकडच्या काठावर दोन माणसं जाळी वाळत घालत होती, त्यांनाही ती दिसली नाही. दहा वाजून गेले तरी ही घ्यायला येत नाही म्हणून काका चिडले, आणखी अर्धा तास आतच बसून राहिले, आणि मग तणतणत बाहेर पडले.

वारा उलट्या दिशेने होता, मला काही ऐकू आलं नाही. हे त्यांनी पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, मुलीला सांगितलं. लपण तिथून पन्नास पावलांवर होतं.

त्याच सकाळी त्यांना तो फोटो मिळाला. घरट्यावर उभी जांभळ्या बगळ्याची मादी, खाली चोची वासलेली तीन पिल्लं, आणि तिने मान वळवून, डोळा ताणून, चौकटीबाहेर कुठेतरी रोखून बघितलेलं. फोटोला मोठं बक्षीस मिळालं, काकांना ‘बगळेकाका’ हे नाव मिळालं. जो तो त्या नजरेबद्दल बोले. काकांनी त्याला नाव दिलं होतं ‘चाहूल’, आणि तो दिवाणखान्यात, दारासमोरच्या भिंतीवर टांगला होता.

मुलीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मग तिने एवढंच विचारलं, ही बघते कुठे आहे? काकांनी कानांवर हात ठेवले. पक्षी कुठेही बघतो, म्हणाले. लपणाचं तोंड कुठे होतं आणि बांध कुठल्या बाजूला होता हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर ती घरी राहायला आली नाही. फोटो भिंतीवरून उतरवा आणि मला एकदा खरं सांगा, मग येईन, असं तिने कळवलं होतं. यातली दुसरी गोष्ट काकांच्या जिवावर येत होती. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, तसाच दुसरा, त्याहून सरस फोटो काढायचा, तो भिंतीवर लावायचा आणि पहिला गुपचूप माळ्यावर टाकायचा. भिंत बदलली म्हणजे बोलायची वेळ येणार नाही. फार हुशार माणूस होता तो.

आज मुलीने गाडीने आणून सोडलं होतं, हेच पुष्कळ म्हणायचं.

बांधावर दव होतं. काका खाली न बघता चालत गेले. एके ठिकाणी त्यांनी पावलं जरा लांब टाकली, तेवढंच. लपणात शिरल्याबरोबर कुजलेल्या बोरूचा आणि ओल्या गोणपाटाचा तो जुना वास नाकात भरला. बाहेर पंखांची एकच फडफड झाली आणि पाणी रिकामं झालं. त्यांनी तिपाई रोवली, स्टुलावर बसले आणि दोन तास वाट बघायची तयारी केली. सोबत बाहेर पडणारं कोणी नव्हतं, तेव्हा पक्षी लवकर येणार नाहीत हे उघडच होतं.

पाच मिनिटांत पक्षी परत आले.

आधी टिबुकल्या आल्या, मग शेकाट्यांचा थवा, मग घरट्यावर बगळ्याची मादी उतरली आणि पंख मिटून निवांत उभी राहिली. काकांना आनंद झाला. नशीब म्हणायचं, असं म्हणत त्यांनी भोकातून लेन्स जुळवली. आणि मग त्यांनी डोळा लेन्सवरून काढला. बावीस वर्षांत एकटं शिरल्यावर असं कधीच झालं नव्हतं. पक्षी निर्धास्त होते. म्हणजे लपणातून कोणीतरी बाहेर पडून बांधावरून चालत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

काकांनी मागे वळून बघितलं. गोणपाटाचा पडदा नीट खाली सोडलेला होता. आत येताना तो आपण सोडला की नाही, ते त्यांना आठवेना.

सूर्य वर आला, धुकं पाण्यावरून उठायला लागलं. पिल्लं चोची वासून ओरडत होती. आणि एकाएकी मादीने मान वळवली. एकट्या तिनेच नाही. शेकाट्यांनी, टिबुकल्यांनी, खांबावरच्या खंड्याने, सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच बाजूला. बांधाच्या बाजूला.

काकांनी श्वास धरला. कान टवकारले. पिल्लांची किरकिर, बेडूक, गोणपाटावर टपटपणारं दव, हे सगळं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. बाकी काही नाही. पक्ष्यांनी माना सरळ केल्या. आणि थोड्या वेळाने पुन्हा वळवल्या.

त्या दोन वळण्यांमधलं अंतर काकांच्या ओळखीचं होतं. दोन वर्षं रोज रात्री ते त्यांच्या डोक्यात वाजत होतं. त्या सकाळची पहिली हाक साधीच होती, “अहो,” काहीतरी विसरलं की मारायची तशी. तेव्हा त्यांना राग आला होता. ही बया आता माझी सकाळ घालवणार, असं त्यांच्या मनात आलं होतं, अगदी याच शब्दांत. दुसरी हाक घाईची होती. मादीने मान वळवली ती तेव्हा. काय नजर होती ती. काकांना सगळं ऐकू आलं होतं, आणि उठायच्या ऐवजी त्यांनी बटण दाबलं होतं. तिसऱ्या हाकेला ते फोकस तपासत होते. मग हाका थांबल्या, आणि सुटलो बुवा, असं त्यांना वाटलं होतं.

आता त्यांनी हात कानामागे धरला. डोकं भोकाशी नेलं. पक्षी तिसऱ्यांदा वळले आणि या खेपेला बराच वेळ तसेच राहिले. आणि काकांना काहीच ऐकू येईना. ऐकू यावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात किती आटापिटा केला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

बोटाने मात्र आपलं काम चोख केलं. फोटो पहिल्याहून सरस आला होता.

दहाला ते बाहेर पडले आणि जवळजवळ धावतच फाटकाशी आले. इथला चौकीदार दोन महिन्यांपूर्वी लागलेला, साधा, गप्पिष्ट माणूस. त्याला मागचं काहीच माहीत नव्हतं. मुलगी गाडीला टेकून उभी होती.

“मिळाला का साहेब फोटो?” चौकीदाराने विचारलं. काकांनी मान डोलावली.

“बाई म्हणाल्याच होत्या, मिळेल म्हणून.”

“कोण बाई...?”

“तुमच्याबरोबर आत गेल्या, त्या. तुमच्याच रंगाचं जाकीट. लगेच परत आल्या, या खोलीत बसल्या होत्या बराच वेळ.” त्याने सहज आवाजात सांगितलं. “मी म्हटलं, दहा वाजता साहेबांना हाक मारू का? तर म्हणाल्या, नका मारू. आत बसले की त्यांना ऐकू येत नाही.”

मुलगी गाडीपासून दोन पावलं पुढे आली होती. तिने चौकीदाराला हळूच विचारलं, मग आता कुठे गेल्या त्या? तो म्हणाला, काय ठाऊक, मघाशी बांधाकडे वळल्या, साहेबांना आणायलाच गेल्या असतील, वाटेत भेटल्या नाहीत का?

“बाबा,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “शेवटचं विचारते. त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं ना?”

हो म्हणायला काय लागत होतं? दोन वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. पण हातात कॅमेरा होता. त्यांनी तो पुढे केला, म्हणाले, आधी हा फोटो बघ, आपण तो जुना काढून टाकू.

मुलीने फोटो बघितला नाही. तिची मान वळली होती. नेमकी तशीच, तेवढीच, डोळा ताणून. शेजारी चौकीदाराची मानही वळली होती.

“ऐकलंत...?” तिने विचारलं.

“काय?”

“आई...”

“मला काही ऐकू आलं नाही,” काका म्हणाले. दोन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं ते मात्र नेहमीच्याच नजरेने.

बांधाच्या पार टोकाला पाणकोंबड्यांचा एक घोळका उठला. मग जरा अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. कोणी सावकाश चालत आलं की कडेचे पक्षी जसे एकामागून एक उठतात, तसे ते उठत होते, आणि बांध रिकामा होता. फाटकाशी चौकीदाराने अंग चोरून वाट दिली आणि अदबीने मान लववली. मुलीने गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून ठेवलं.

“सावकाश,” ती म्हणाली. दार तिने अलगद लावलं, पुढे जाऊन बसली, गाडी सुरू केली. काकांनी त्यांच्या बाजूचं दार ओढून पाहिलं. ते आतून बंद होतं. त्यांनी काचेवर टकटक केलं, तिला नावाने हाक मारली, पुन्हा मारली. तिने मान वळवली नाही. गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली आणि चौकीदारही, जणू फाटकाशी आता कोणी उरलंच नाही असा, खोलीत जाऊन दार लावून बसला.

काका तिपाई धरून तिथेच उभे राहिले. पाच मिनिटांत पक्षी परतले. पाण्यावर, बांधावर, फाटकावर, सगळे आपापल्या जागी. एक बगळा त्यांच्या बुटांपासून दोन हातांवर उतरला आणि पंख मिटून निवांत उभा राहिला. काकांनी त्याला हुसकायला हात हलवला, मग ओरडले. बगळा चिखलात चोच घालून खात राहिला.