दोन सूत कमी

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत ती दाराकडे पाठ करून बसायची, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाची पहिली गाठ तिच्या पाठीशीच पडायची. समोर खिडकी, मांडीवर कुणाचा तरी फाटका कोट आणि त्यावर पार वाकलेली ती. रफूचं काम म्हणजे एकेक धागा डोळ्यांनी उचलायचा. भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये, यात तिचा हातखंडा. सगळे तिला रफूताई म्हणत. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, धाकटी बहीण लग्न होऊन लांब गेली होती. सकाळी दहाला लॉन्ड्रीवाले काका ‘आलीस का गं?’ म्हणेपर्यंत तिच्या कानावर माणसाचा शब्द पडत नसे.

त्या दिवशी बाहेर रिपरिप चालली होती. समोरच्या गल्लीत नुकतंच दुकान थाटलेला टेलर निथळत दारात येऊन उभा राहिला. हातात गिऱ्हाइकाची पँट, गुडघ्यावर इस्त्रीने जाळलेली. खरं तर गयावया करायची वेळ, पण गडी बोलला भलतंच.

“तुमचा ड्रेस कुणी शिवलाय हो? काय हात आहे माणसाचा!”

ती वळली.

“मागची उंची पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त सोडलीय,” तो रंगात येऊन सांगू लागला, “गळ्याखाली दोन बारीक टक्स… पाठीचा पोक असा बेमालूम झाकलाय, की—”

आणि मग त्याने जीभ चावली.

“कुठला पोक?” तिने विचारलं.

पँट टेबलावर ठेवून तो जो सटकला, तो पावसातच.

घरी गेल्यावर तिने कपाटाचा आरसा आणि हातातला आरसा समोरासमोर धरला. होता. मानेच्या खाली चक्क उंचवटा, खांदे पुढे आलेले, आणि मान कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखी बाहेर. मग एकेक आठवायला लागलं. जुन्या टेलरकडे गेलं, की आई म्हणायची, “जा, तू बटणं निवड.” आणि दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलायची. दहा-बारा वर्षं त्या दोघांनी मिळून तिची पाठ तिच्यापासूनच लपवली होती. आईचा राग येईना, आणि आल्याशिवायही राहीना. तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षांत तिच्या पाठीवर कुणाचा हातच फिरला नव्हता, नाहीतर कळलं असतं की!

डॉक्टरीणबाईंनी पाठ दाबून पाहिली, फोटो काढले. “हाड ठणठणीत आहे. वीस वर्षं मान पुढे काढून बसलात, त्या मानेने तिथे आपली गादी करून घेतलीय. कामाकडे वाकू नका, काम वर उचला. टेबल वाढवा. टाचा, पाठ भिंतीला लावून उभ्या राहा आणि हनुवटी आत ओढा… तोंडाला वास येणारा माणूस जवळ आला की ओढतो ना, तश्शी. डोकं आणि भिंत यात किती अंतर उरतं ते दर आठवड्याला मोजायचं. घरी कोण आहे मोजायला?”

“आहेत,” ती म्हणाली. घरी एक कुंडी होती.

टेलर पँट न्यायला आला तेव्हा त्याची मान खाली होती. “माफ करा, ताई म्हणणार होतो, पण म्हणत नाही.”

“का? सगळेच म्हणतात.”

“म्हणू देत. उगाच कशाला नातं जोडून अडकवून ठेवायचं स्वतःला…”

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं, त्यामुळे जरा वेडंवाकडंच आलं. त्याच भरात तिने भिंतीचं, अंतराचं सगळं सांगून टाकलं.

“मोजमाप तर माझा धंदा आहे,” तो म्हणाला. “शनिवारी या.”

मग दर शनिवारी दुपारी ती त्याच्या दुकानातल्या मोकळ्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तो गळ्यातली टेप काढायचा, श्वास रोखून तिच्या केसांना धक्का न लावता मोजायचा, आणि म्हणायचा, “दोन सूत कमी!” टेलरांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण तिला तेवढं पुरायचं. त्या दोन सुतांवर ती आठवडाभर जगायची. कामाच्या टेबलाखाली विटा आल्या. सकाळी भिंत, संध्याकाळी भिंत.

“हनुवटी आत… अजून,” तो म्हणायचा.

“माणूस जवळ आला की आपोआप जाते.”

“माझ्या तोंडाला वास येतो?”

“चहाचा येतो. मला न विचारता एकट्याने प्यायलात.”

पुढच्या शनिवारी दोन कप होते.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावली. “वा! अर्धा इंच कमी झालंय. छान मेहनत घेतलीत.”

तिने बोटांवर शनिवार मोजले. आठ. शनिवारच्या हिशोबाने दोन इंच व्हायला हवे होते. खरा अर्धा इंच तिने स्वतःच्या घामाने कमावला होता, आणि त्याचा आनंदसुद्धा तिला होईना.

ती तशीच दुकानात गेली. “मास्तर, टेप खोटी आहे की तुम्ही?”

त्याने कात्री खाली ठेवली. “टेप खरी आहे.”

“का केलंत असं?”

“पहिल्या शनिवारी काडीचाही फरक नव्हता. तुम्ही वळलात, आणि तुमचं तोंड एवढंसं झालेलं… सांगवेना. वाटलं, खरं सांगितलं तर पुन्हा यायच्या नाहीत.”

“माझ्या आईलाही सांगवलं नव्हतं,” ती म्हणाली. “सगळ्यांना माझी इतकी दया, की माझी पाठ कशी आहे हे मलाच सगळ्यात शेवटी कळतं. तुम्ही पहिल्या दिवशी खरं बोललात, म्हणून मी आले होते हो!”

ती निघून आली.

पुढचे तीन शनिवार फार लांबलचक गेले. घरच्या भिंतीला टेकून ती उभी राहायची, पण मोजणारं कुणी नसलं की भिंत नुसतीच थंड लागते. दुसऱ्या शनिवारी तिने भिंतही सोडली. टेबलाखालच्या विटा काढल्या, मान पुन्हा कोटात खुपसली. काका म्हणाले, “रफूताई, बरं नाही का?” ती म्हणाली, “बरंय.” बहिणीच्या फोनवरही तेच सांगितलं. संध्याकाळी कुंडीला पाणी घालताना तिला तो आठवायचा, आणि मग स्वतःचाच राग यायचा. प्रेमात पडायला तिला सबंध गावात एक खोटं मोजणाराच सापडावा ना!

चौथ्या शनिवारी ती गेली. दुकानात शिरली ती थेट भिंतीशी. टाचा लावल्या, हनुवटी आत घेतली.

“मोजा. आणि जे आहे ते सांगा.”

त्याने एकदा मोजलं. मग पुन्हा मोजलं. आता हा परत गोड बोलला, तर या दुकानाची पायरी चढणं कायमचं संपणार होतं.

“गेल्या वेळच्या खऱ्या मापापेक्षा…” तो थांबला. “वाढलंय. चांगले दोन सूत. तुम्ही व्यायाम सोडलात.”

तिने डोळे मिटले. लागलं, सपकन लागलं. पण त्या लागण्यामागोमाग असं काही बरं वाटलं, की ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. समोरच्या माणसाने तिला पूर्ण पाहिलं होतं आणि पाहिलं ते सांगितलं होतं.

“अजून एक खरं सांगू?” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हे तीन शनिवार मी… दोन कप चहा करत होतो. मला तुमच्याशिवाय करमत नाही. पाठ सरळ झाली तरी, नाही झाली तरी.”

“हे खरं आहे,” तिने विचारलं, “की माझं तोंड बघून बोलताय?”

“तोंड बघूनच,” तो म्हणाला. “पण खरं.”

ती लाजली, डोळे काठोकाठ भरले, तरी या खेपेला तिने मान खाली घातली नाही.

“उद्या रविवार,” तिनेच विचारलं, “काय करताय?”