हंड्यातल्या पाण्याचा आवाज

गोष्ट २०१९ सालची, एप्रिलची. मोखाड्याहून खोडाळ्याला निघालेल्या जीपमध्ये आम्ही तेराजण कोंबलेले. मी तेव्हा नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. शेजारी आमच्या पाड्यावरची अंगणवाडी मदतनीस योगिता. समोर एक सावळा, लाजरा तरुण, मांडीवर माइक घेऊन. माइकला स्पंजची काळी टोपी.

"याला थंडी वाजते?" योगितानं विचारलं.

तो हसला. "वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. मी तुषार. सरकारी रेडिओसाठी कार्यक्रम करतो, कंत्राटावर."

"मग सांगा ना — तुमच्या रेडिओवर सगळं चांगलंच कसं असतं?"

"वाईटही सांगतो आम्ही."

"कधी? मी भाकऱ्या थापत असते तेव्हा?"

सगळी जीप हसली. तुषारचे कान लाल झाले... पण वळणावर जीप कलली, तेव्हा त्यानं आधी तिची पिशवी सावरली, मग माइक. मी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तो पाड्यावर आला, नव्या नळांवर कार्यक्रम करायला. योगिता माइकसमोर स्पष्ट बोलली, "नळ आला, पण पाणी नाही आलं. टँकर पाठवा."

मग त्याला पाण्याचा आवाज हवा होता. तिनं हंडा घंगाळात ओतला. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"अजून एकदा ओताल?"

"विहिरीत उतरून वाटीनं भरलाय हा हंडा, साहेब." तरी तिनं तेच पाणी हंड्यात भरलं आणि पुन्हा ओतलं, थेंबही न सांडता. तो पाण्याकडे कुठे बघत होता!

रविवारी आम्ही विहिरीवर मोबाइलवर कार्यक्रम ऐकला. योगिताचा आवाज आला — "नळ आला." आणि लगेच पाण्याची धार. संपलं.

योगिताची आई, काळी तिचं नाव, ताडकन म्हणाली, "हा तर आपला हंडा गे! नळ असा वाजतो होय?"

बाया हसल्या, मग एकेक करून हंडे उचलून निघाल्या. टँकरचा अर्ज घेऊन गेलेल्यांना तहसीलच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "पाणी आलंय ना? रेडिओवर ऐकलं." त्यानंतर विहिरीवर कोणी योगिताशी बोलेना.

तुषार आला, तेव्हा ती ओरडली नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "कोणी कापलं? सरकारनं?"

"नाही... मीच."

"फोन आला होता वरून?"

"नाही. कुणाचाच नाही."

"मग?"

तो माइकचा स्पंज कुरवाळत म्हणाला, "वर आवडणार नाही, असं वाटतं. कोणी सांगायच्या आधीच कात्री चालते. सवय लागलीय."

"म्हणजे भीती तुमची, तहान आमची."

"योगिता, अजून एक सांगायचं होतं... मी इथे येतो ते फक्त कार्यक्रमासाठी—"

"ते नंतर. आधी माझं सगळं बोलणं लावा."

गुरुवारच्या थेट कार्यक्रमात त्यानं ते लावलं, शेवटच्या शब्दापर्यंत. चौथ्या दिवशी टँकर आला. तुषारला वरून कोणीच काही बोललं नाही. जूनमध्ये मात्र कंत्राट वाढलं नाही. 'नवी माणसं घ्यायचीत,' एवढंच कळलं. ते खरं कारण होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

तो हे सांगायला आला, तेव्हा योगिता राबावर, रोपांसाठी भाजलेल्या तुकड्यात, भात पेरत होती. तिनं मान वर केली. "आता बोला, काय राहिलं होतं ते."

"तू... म्हणजे मला... तुझ्याशी..."

"कापू नका ना!" ती खळखळून हसली. "बरं, मी सांगते. हो."

त्यांनी माघात लग्न केलं, कोरोनाच्या ऐन तोंडावर. तुषार जव्हारला लग्नांचं शूटिंग करतो. योगिता आता अंगणवाडी सेविका आहे. तिची आई काळी दोन वर्षांपूर्वी वारली. मी अजून सकाळच्या बातम्या ऐकते. बातम्या सांगणारा मध्ये थांबतो ना, तिथे जरा जास्तच कान देऊन.