मागच्या रांगेतलं मत

लेखिका आली ती बुटांवरचा बर्फ न झटकताच. कोट काढायच्या आधी तिनं आपली कादंबरी टेबलावर आपटली.

"हिच्यावर काल वाचनालयात वाचकांनी मतं मांडली," ती म्हणाली. "त्यातलं एक मत कुणाचं होतं, ते मला हवंय."

टाचणीनं तिच्याकडं खुर्ची सरकवली. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या या बाईला सगळं गाव टाचणीच म्हणायचं. बारीक, ताठ आणि बोचरी. हीटरपाशी पाय शेकत बसले होते ते तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त दंतवैद्य. दाजींना ती प्रत्येक तपासाला बरोबर न्यायची. "दात काढायचं सोडल्यापासून माणसं माझ्यासमोर तोंड उघडायला लागलीत," असं दाजी स्वतःच म्हणत.

"फार वाईट मत होतं का?" दाजींनी विचारलं.

"वाईट मतांची सवय आहे मला. एकजण म्हणाला, बर्फच फार आहे. एका बाईंना पोलिसी कादंबरीत राजकारण नको होतं. एकाला म्हणे खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळला. सगळं हसून ऐकलं. मग वीज गेली."

तिनं कादंबरी आपल्यापुढं ओढली.

"कादंबरीत संपाचा एक पुढारी थंडीत मरतो आणि एक पोलीस त्या मृत्यूचा माग सत्तेतल्या पक्षापर्यंत नेतो. तो पुढारी म्हणजे माझे वडील. गोदी कामगारांचे नेते. तिसेक वर्षांपूर्वी पोलिसांनी त्यांना उचललं, रात्री सोडलं म्हणे, आणि सकाळी ते औषधवाल्याच्या गल्लीत गोठलेले सापडले. दारू पिऊन पडले, असा निकाल. माझ्या बापानं दारूचा थेंब चाखला नव्हता! आईला प्रेत चादरीत शिवून दिलं. तोंड तेवढं दाखवलं."

"आणि कादंबरीत?" टाचणीनं विचारलं.

"कादंबरीत तो मदतीसाठी ओरडतो आणि गल्ली खिडक्या लावून घेते. ती माझी कल्पना. काल अंधारात मागून कुणीतरी म्हणालं, 'खोटंय. तो ओरडला नाही. कोपरानं दार वाजवत राहिला. आतच होतो.' घोगरा, दबका आवाज. दिवे आले तेव्हा सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले."

"हेच शब्द?"

"हेच. 'होतो' म्हणाला, म्हणजे पुरुष. बाकीचे पुढं हीटरला चिकटले होते. मागच्या रांगेत तिघंच. निवृत्त फौजदार, औषधवाला आणि औषधवाल्याची बहीण."

फौजदारांनी टाचणीला आणि दाजींना दारातच उभं ठेवलं.

"कादंबरी? थुंकतो मी तिच्यावर. पोलीस गुन्हेगार आणि दारुडा हुतात्मा!"

"त्यांना तुम्हीच सोडलंत?"

"मीच. ठणठणीत, धडधाकट सोडला. अंगाला बोट लावलं नव्हतं कुणी. सकाळी प्रेतही मीच पाहिलं. मुठीत बाटली. बोटं अशी घट्ट की सोडवता सोडवेनात!"

"काल अंधारात कोण बोललं?"

"मी नाही. मी बोलतो ते तोंडावर." दार धाडकन लागलं.

"हा नव्हे," पायऱ्या उतरताना दाजी म्हणाले. "याला कुजबुजता यायचं नाही."

औषधवाल्याची गल्ली अरुंद होती. सगळी दारं जाड लाकडाची. औषधाच्या दुकानाच्या दाराला तेवढी वरच्या अर्ध्या भागात काच होती आणि समोरच दिव्याचा खांब. गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळलेली एक वयस्क बाई आतून काचेवरची वाफ पुसत होती. ती औषधवाल्याची बहीण.

"कादंबरी बरी आहे," औषधवाला म्हणाला. "पण विझलेल्या राखेत फुंकर कशाला मारायची?"

"त्या रात्री कुठं होतात?"

"पक्षाच्या कार्यालयात. संप मोडायचा होता, रात्रभर बैठक. दुकान बंद, वर घर. घरात तेव्हाही आम्ही दोघंच भावंडं. ही वर झोपली होती."

"दार छान आहे. नवं केलंत?"

"वडिलांच्या वेळचं. काचसुद्धा तीच."

टाचणी बहिणीकडं वळली. "तुम्हाला आवडली का हो कादंबरी?"

बाईला खोकल्याची उबळ आली. "नाही," ती म्हणाली. सर्दीनं आवाज पार बसला होता. "त्यात गल्लीला तो माणूस आवडत नसतो, म्हणून खिडक्या लागतात. नावडीनं नाही लावत कुणी. भीतीनं लावतात."

"तू वर जा, पड जरा," औषधवाला एकदम म्हणाला.

बाहेर पडताच दाजींनी टाळी वाजवली. "औषधवालाच! दार त्याचं, 'होतो' त्याचंच."

"ज्याला लपवायचंय तो अंधारातही गप्प बसतो, दाजी. बोलला तो, ज्याला गप्प बसणं असह्य झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणीनं सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. घाबरला म्हणतील म्हणून फौजदार आले, बहीण येतेय म्हणून औषधवाला आला. लेखिका बसायला तयार नव्हती. ती खिडकीपाशी उभी राहिली.

"दार मुठीनं वाजलं की कोपरानं, ते बंद दाराआडून ऐकून कळत नाही," टाचणीनं सुरुवात केली. "ते दिसावं लागतं. त्या गल्लीत आतून बाहेरचं दिसेल असं दार एकच, काचेचं. समोर दिवाही आहे. म्हणजे बोलणारा औषधाच्या दुकानात होता."

"मी कार्यालयात होतो!" औषधवाला ओरडला.

"थांबा. फौजदारसाहेब, माणूस कोपरानं दार कधी वाजवतो?"

"मला काय माहीत?"

"हात कामातून गेले असतील तेव्हा. ते तुमच्या कोठडीत मोडले. आईला चादर उघडू दिली नाही, ती हात दिसू नयेत म्हणून. आणि तुम्ही सांगता, मुठीत बाटली घट्ट होती. ज्याला दारावर मूठ मारता येत नव्हती, त्यानं बाटली आवळली कशी? ती नंतर कुणीतरी ठेवली. प्रेत सगळ्यांत आधी पाहिलंत तुम्ही."

फौजदारांचा चेहरा काळाठिक्कर पडला. दाजी उठले आणि आपलं भरभक्कम शरीर घेऊन दारात उभे राहिले.

"पण बोललं कोण?" लेखिकेनं विचारलं.

"'आतच होतो.' त्या एका शब्दावरून आपण सगळ्यांनी पुरुष ठरवला. एकटी बाई 'होते' म्हणेल, खरंय. पण मनात 'आम्ही' असेल, तर बाईसुद्धा 'होतो'च म्हणते. आवाज घोगरा होता, कारण सर्दीनं बसला होता. आणि त्या घरात 'आम्ही' म्हणजे कोण, ते यांनीच सांगितलं. दोघंच भावंडं. कार्यालयातली बैठक खोटी, औषधवाले. तुम्ही दोघंही काचेच्या आत होतात."

मग बहिणीनं गळ्याचा पट्टा सोडला.

"मी कडीला हात घातला होता," ती म्हणाली. "यानं मनगट धरलं. म्हणाला, उघडलंस तर पक्ष उद्या दुकान बंद करेल. तो काचेतून माझ्याकडंच बघत होता. हात छातीशी धरलेले, काळेनिळे. मग खाली बसला."

"तुला काय कळतंय!" औषधवाला किंचाळला. "आपलं वाटोळं झालं असतं!"

"झालंच की."

लेखिका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "आईची औषधं मी तुमच्याच दुकानातून आणली. वर्षानुवर्षं. तुम्ही पुड्या बांधून दिल्यात माझ्या हातात. तिला बरं वाटतंय का, म्हणून विचारत होतात!"

"हो."

"माफी मागू नका. मिळणार नाही."

"मागत नाही. पोलिसांत येते. सांगते सगळं, याच्याबद्दल आणि माझ्याबद्दलही."

फौजदार हसले. "तीस वर्षांनी? कोण लिहून घेणार?"

"तुम्हीही चला की," टाचणी म्हणाली. "तुमच्याशिवाय बाटलीची गोष्ट रंगणार नाही."

ठाण्यावर फौजदार आले नाहीत, औषधवालाही नाही. बर्फ भुरभुरत होता. लेखिका पुढं चालत होती, मागं वळून न पाहता. म्हातारीचा पाय घसरला तेव्हा तिला दाजींनी सावरलं; लेखिकेनं हात पुढं केला नाही.

ठाण्यावरच्या अंमलदारानं आधी साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं. मग प्रकरण जुनं आहे म्हणून सांगितलं. मग उद्या या म्हणून सांगितलं. लेखिकेनं टेबलावर असा हात आपटला की आतल्या खोलीतले दोघं बाहेर आले.

"लिहा!"

त्यानं टेबलाखालची खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "मयताचं नाव?"

कादंबरीत तिनं त्यांना दुसरंच नाव दिलं होतं. आता तिनं खरं नाव सांगितलं, वडिलांचं, आजोबांचं, आडनावासकट. अंमलदारानं एक अक्षर चुकवलं तेव्हा तिनं ते खोडायला लावलं आणि पुन्हा, पहिल्यापासून, सावकाश सांगितलं.