दोन ठोके, मग एक

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या गावच्या संताची, सान रोकेची शपथ. आता सान रोकेची शपथ मी म्हातारी गाय तरणी म्हणून विकतानाही घेतो, ते सोडा. पण ही गोष्ट खरी. ऑक्टोबरातली. नाही, नोव्हेंबर असेल, चेस्टनट वेचून झाले होते. खोटं वाटलं तर माझा मेहुणा तार्सिसिओ साक्षीला आहे. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर टोपी दिसतेय ना, ती त्याचीच. तिथे मात्र बसू नका, त्याला खपत नाही.

पाठीवरची ओझी उतरवा. बूट चुलीपाशी लावा. धुकं आहे तोवर आमच्या ब्रान्यासेका गावातून कोणी वर खिंडीकडे जात नाही, आणि तुम्हालाही मी जाऊ देणार नाही. लिओनिदेसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सार उकळायला ठेवलंय. ते होईतो सांगून होईल.

तुम्ही ज्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या मागोमाग इथवर चालत आलात, ते पट्टे माझे. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, कुठे पडक्या कुंपणावर. दर वर्षी पानगळ झाली की मी ब्रश घेऊन निघतो आणि तार्सिसिओ रंगाचे डबे धरायचा. धरतो. पन्नाशीचा गडी, लग्न नाही, कामाला जेमतेम, जिभेला धार. त्या सकाळी आम्ही असेच निघालो. फरक एवढाच की काठी माझ्या दाराला होती.

काठीचं सांगायला हवं. आमच्या गावात शेळ्या राखायची पाळी असते, पाटाचं पाणी वळवायची असते, तशी धुक्याचीही असते. ज्या दाराला काठी टांगलेली, त्या घरानं धुकं उतरलं की चर्चची घंटा वाजवत राहायची, म्हणजे डोंगरात चुकलेला माणूस आवाजाच्या रोखानं खाली येतो. तीन ठोके, मग थांबून कानोसा घ्यायचा. पुन्हा तीन. आणि घंटेवर जो खाली येईल त्याला त्याच घरानं गरम जेवू घालायचं. आलेल्यानं नाही म्हणायचं नाही. पाळीच्या घरी कोणी नसेल तर पुढच्या घरानं न विचारता काठी आपल्या दाराला न्यायची. यावर गावात कधी भांडण झालेलं नाही. बाकी सगळ्यावर झालंय.

लिओनिदेस दात काढायला बसनं शहरात निघाली होती. गालाला फडकं बांधून ती मला म्हणाली, “काठी आपल्या दाराला आहे. आठवतंय ना?”

“आभाळ बघ की. काचेसारखं आहे.”

“आभाळ तुझ्याइतकंच भरवशाचं. आणि माझ्या भावाला जेवायच्या वेळेला घरी आण. मागल्या खेपेला रानात झोपून राहिला होता.”

“आणतो गं.”

“शब्द?”

“शब्द.”

दुपारपर्यंत काम झकास चाललं. वर बीचच्या झाडांच्या रानात पाय घोट्यापर्यंत पानात रुतत होते. ऊन तिरपं पडलं होतं. तार्सिसिओची टकळी चालूच.

“दाजी, हा पट्टा वाकडा झालाय.”

“पट्टा सरळ आहे. तू वाकडा उभा आहेस.”

“बिचारा चालणारा याच्या नादी लागला तर पोर्तुगालात निघेल.”

“निघू दे. तिथे तरी तुझं तोंड नसेल.”

तो हसला आणि हसता हसताच म्हणाला, “दाजी, मागं बघा.”

मागं काहीच नव्हतं. म्हणजे खिंड नव्हती, कडा नव्हता, ज्या झाडाला आत्ता रंग दिला ते झाडही नव्हतं. धुकं आमच्याकडे खालून येतं, दरीतून, दूध उतू आल्यासारखं. एका दमात ते गुडघ्याशी, दुसऱ्या दमात डोळ्यांशी. कुजक्या पानांचा, ओल्या सालीचा आणि ओल्या रंगाचा वास तेवढा राहिला. घाईनं वळताना तार्सिसिओचा पाय दोन दगडांत अडकला. हाड मोडलं नाही, पण घोटा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला.

डावीकडे कुठेतरी कडा होता. डावीकडे म्हणजे कुठे, तेच कळत नव्हतं. मी हात लांब करून झाडं चाचपली. पट्टा सापडेना. सगळ्या डोंगरावर माझ्या हातचे पट्टे, आणि त्या वेळी एकही कामाचा नाही. बसून राहावं तर अंगातला घाम गार होत चाललेला. धुकं तीन-तीन दिवस बसतं आमच्याकडे. अशा धुक्यात एक रात्र काढलेला माणूस मी खाली आणलाय, खांद्यावर आडवा टाकून.

“दाजी... पाळी कोणाची?”

“आपली.”

“म्हणजे आपल्याला हाका मारायच्या कोणी?”

“आपणच.”

तो पुन्हा हसला. ते हसणं धुक्यात लांब गेलं नाही, तोंडाशीच विरलं. मग दोघंही ऐकत राहिलो. पानांवरून थेंब गळत होते. एक. मग बऱ्याच वेळानं एक.

आणि घंटा वाजली.

मी उडालोच. “ओनोरिना!” म्हणालो. “म्हातारीनं काठी उचलली!” ओनोरिना आमच्याच आळीतली, पुढचं उघडं घर तिचंच; चौऱ्याऐंशीची, कानानं ठार. पण कोणी का असेना. तार्सिसिओचा हात खांद्यावर घेतला आणि आवाजाच्या दिशेनं पाऊल टाकलं.

दुसऱ्यांदा वाजली तेव्हा तो थांबला.

“दाजी, मोजा.”

दोन ठोके. थांबणं. मग एक.

गावात तसं एकच बाई वाजवायची. ओब्दुलिया, आमची शेजारीण. तिचा नवरा फ्रुक्तुओसो एका चुकल्या कालवडीमागं खिंडीकडे गेला तो गेलाच. त्या दिवशी पाळी ओब्दुलियाची होती. तिनं सबंध दिवस घंटा वाजवली. दोनदा वाजवून ती कानोसा घ्यायची, आणि काही ऐकू आलं नाही की एकदा, हळूच. पुढची चाळीस वर्षं तिची पाळी आली की ती तशीच वाजवायची. पाद्रीबाबा ओरडले, गाव ओरडलं. तिनं ऐकलं नाही. त्याच वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, ती वारली. घराला कुलूप लागलं आणि किल्ली आमच्या या खानावळीतल्या खिळ्याला आली. बंद घरं पाळीतून गाळतात, पण तिचं नाव गाळायला गावसभेत कोणी तोंड उघडलं नव्हतं. आणि आमच्यानंतर पाळी तिच्याच घराची.

“कोणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हणालो.

“गावात सात घरं उघडी आहेत. चेष्टा करणारे तुम्ही एकटे, आणि तुम्ही इथे आहात.”

“मग बसून राहायचं?”

त्यानं घोट्याकडे बघितलं आणि माझा खांदा धरला. आम्ही उतरू लागलो. घंटेनं आम्हाला अगदी बरोबर नेलं, ते कबूल करतो. कडा डावीकडे राहिला, तळातल्या पाण्याचा आवाज येऊन गेला, मग पायांखाली गावाकडची जुनी फरसबंदी लागली. तिथे तार्सिसिओनं माझा खांदा दाबला.

“दाजी... तुमच्या पायात काय आहे?”

“रबरी बूट. तुझ्या?”

“तेच.”

मागून खडावांचा आवाज येत होता. आमच्याकडे चिखलात घालतात तसल्या, लाकडी. टक. टक. टक. आम्ही थांबलो तर तो एक पाऊल टाकून थांबला. घाई नाही. घरी जाणाऱ्या माणसाची चाल.

“कोण...?” तार्सिसिओ पुटपुटला.

“चाल. मागं बघू नकोस.”

“बघून दिसणारेय काय, दाजी.”

पहिली भिंत हाताला लागली तशी घंटा थांबली. धुक्यात पिवळा उजेड दिसला. ओब्दुलियाचं दार उघडं होतं. दाराला काठी. ओसरीत तिच्या घरच्या खडावा ओळीनं लावलेल्या, जशा नेहमी असायच्या. आम्ही आत शिरलो. जाळ, आणि लसूण-पावाच्या साराचा वास. मेजावर तीन वाट्या. वाफाळलेल्या. आत माणूस नाही.

“तीन आहेत,” तार्सिसिओ म्हणाला.

मागचा आवाज ओसरीशी आला. थांबला. एक खडाव काढून ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरी.

आणि आम्ही दोघं जे पळालो! सुजल्या घोट्याचा तो माझ्यापुढे, खिडकीतून उडी मारून, गोठा ओलांडून थेट या खुर्चीत. तीन दिवस गोधडीतून डोकं काढलं नाही. तेव्हापासून लसणाचा वास आला की उठून जातो. म्हणून तर खुर्ची रिकामी दिसतेय.

दुसऱ्या दिवशी ओनोरिनाला गाठलं. कानाशी ओरडलो, “काल काठी का नाही उचललीस, आजी?”

“मी का उचलू?” ती उखडली. “तुझ्या दारची काठी ओब्दुलियाच्या दाराला गेलेली मी डोळ्यांनी बघितली. तिची पाळी असताना मी मध्ये कशाला जाऊ? भांडकुदळ बाई ती!”

झालं. हसा हसा. सगळे इथे हसतात.

आता तुम्ही विचारणार, यात पदरचं किती. विचारतातच. चांगल्या गोष्टीत थोडं मीठ लागतं, आणि यात मी ते एकाच ठिकाणी घातलंय. लिओनिदेस आतल्या बाजूला आहे ना? मग सांगतो. हळू बोला.

‘आम्ही दोघं’ ते.

पळालो आम्ही नाही, मी. त्याचा हात माझ्या हातात होता, मी त्याला ओढलं. तो म्हणाला, “असं करू नये, दाजी. आलेल्यानं नाही म्हणायचं नसतं.” अगदी साध्या आवाजात. तो वाकला आणि बूट काढू लागला. मी सुटलो, वाटलं येईल माझ्या मागोमाग. घरी येऊन दिवा लावला तेव्हा कळलं.

किल्ली खिळ्यालाच होती. परत गेलो तर ओब्दुलियाच्या दाराला कुलूप, जसं उपवासापासून होतं. उघडलं. चूल गार, राख जुनी. मेजावर तीन वाट्या. दोन पुसून खाल्लेल्या. तिसरीतून वाफ येत होती.

गाव रान धुंडाळत होतं आठवडाभर. बाहेरून माणसं आली, कुत्री आली. काही नाही. त्याचे रबरी बूट ओसरीत होते, एकाला एक लावून, टाचा भिंतीकडे. आणि खडावांच्या ओळीत एका जोडीची जागा रिकामी.

लिओनिदेस मला काही बोलली नाही. ती पान वाढते, एवढंच. तुम्ही सार घ्या, नाही म्हणू नका. मला उठायला हवं. माझी पाळी ओब्दुलियानं केली, तेव्हा तिची मी करतो, आणि आज काठी तिच्या दाराला आहे.

मी तीन ठोके देतो. मग थांबून कानोसा घेतो, रीतच आहे ती. वरून, फरसबंदीवरून, खडावांचा आवाज येतो. आता दोघांचा येतो. एक सरळ चालत असतो.

दुसरा लंगडत.