पहिल्या बोटीतला

तो माझ्या खिडकीशी पहिल्यांदा आला, तो भांडायलाच.

आमच्या धक्क्यावर माहितीची एक खिडकी आहे आणि तिच्यात मी बसते. गावाजवळचं पाणी उथळ, म्हणून मोठी प्रवासी जहाजं मैलभर लांब नांगर टाकतात आणि माणसं लहान बोटींनी धक्क्याला लागतात. दर दुसऱ्या मंगळवारी दीड हजार माणसं उतरायची, सहा तास हिंडायची आणि ऊन कलायच्या आत परत जायची. त्या सहा तासांवर आमचं गाव पंधरा दिवस जगतं. उतरणाऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी खिडकीबाहेरच्या पाटीवर लिहून सांगायच्या, एवढंच माझं काम. पायात सपाट बूट घाला, पुढे चढ आहे. पाण्याची बाटली जवळ ठेवा. घड्याळ जहाजाच्याच वेळेवर राहू द्या, आमच्या गावाची वेळ एक तास मागे आहे. आणि शेवटची बोट आपली नव्हेच असं समजा, तिच्या आधीची पकडा.

या शेवटच्या वाक्यावरून भांडण. तो जहाजावरचा सहलींचा अधिकारी होता. पांढराशुभ्र गणवेश, आणि पेन गळल्यामुळे खिशाला रुपयाएवढा निळा डाग. माझ्यामुळे सगळं जहाज शेवटून दुसऱ्या बोटीवर तुटून पडतं आणि शेवटची रिकामी जाते, अशी त्याची तक्रार होती.

"मग शेवटच्या बोटीतून तुम्ही जात जा," मी म्हटलं. "एकटेच. ऐसपैस."

"एकटाच का? सोडायला कुणी... येणार नाही?"

"माझी ड्यूटी खिडकीपर्यंतच असते."

तो हसला. मी नाही हसले. म्हणजे, तो पाठमोरा होईपर्यंत नाही हसले.

त्याचं काम मात्र मोठं जोखमीचं होतं. सकाळी नऊला जहाजावरून पहिली बोट सुटे ती रिकामी, आणि तिच्यात हा एकटा उभा. बोट धक्क्याच्या पायऱ्यांशी किती वरखाली होते ते बघायचं आणि वायरलेसवरून कॅप्टनला कळवायचं. हा 'हो' म्हणाला तर माणसं उतरणार, 'नाही' म्हणाला तर जहाज नांगर उचलून पुढच्या बंदराला जाणार. मैलभर लांबच्या कॅप्टनला धक्का कुठला दिसायला? त्याचे डोळे म्हणजे हाच. बोटीचा दोर झेलायला पायऱ्यांवर माझे बाबा असत. तीस वर्षं ते तेच करत आलेत, त्यामुळे पाणी त्यांना माणसाच्या चेहऱ्यासारखं वाचता येतं.

मग दर दुसऱ्या मंगळवारी त्याला माझ्या पाटीत काहीतरी खोट सापडू लागली. पाटी पुसायची, दोघांनी मिळून नव्याने लिहायची. बदल्यात तो मला जहाजावरचे धडे द्यायचा. खोली नेहमी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्याची घ्यावी, तिथे हेलकावे कमी. पहिल्या दिवशी सगळे जेवणावर धावतात, तेव्हा आपण डेकवर जावं, सगळं जहाज आपलंच असतं. मळमळलं तर फोनमध्ये डोकं घालू नये, क्षितिजाकडे बघावं आणि आल्याचा तुकडा चघळावा.

"आणि जहाजाकडे नुसतं बघून किनाऱ्यावरच ज्याला कसंतरी होतं, त्यानं काय करायचं?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "त्यानं... दुसऱ्या मंगळवारची वाट बघायची."

घरी मावशीच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. आई गेल्यापासून तीच आमचं घर बघते. पंधरा दिवसांतून सहा तास दिसणाऱ्या माणसाची काय पारख होणार, असं तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली की तिच्या नवऱ्याला तिनं वीस वर्षं चोवीस तास बघितलं, आणि तो तरी कुठे कळला होता.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी पाणी फुगलं होतं. बोट तीन पायऱ्या वर चढायची आणि धाडकन खाली बसायची. बाबांनी हात हलवून परत जायची खूण केली. यानं ऐकलं नाही. दोर फेकला, उडी मारली, गुडघ्यापर्यंत भिजला आणि दोन-दोन माणसं हाताला धरून उतरवू, असं कॅप्टनला कळवून मोकळा झाला. उतरवलीही. कुणाला खरचटलं नाही, पण बाबा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. दुपारी तो माझ्या खिडकीशी उभा राहिला. बुटांतून अजून पाणी गळत होतं.

"पाणी बघितलंत का जरा?" मी रागानं विचारलं.

"खरं सांगू? पाण्याकडे बघितलंच नाही. खिडकी उघडी आहे का... तेवढंच बघितलं."

दीड हजार जिवांची जोखीम ज्याच्यावर, तो हे बोलतोय. मला संताप यायला हवा होता. मी मात्र लोण्यासारखी विरघळले. त्याच दिवशी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो.

वसंतात त्यानं विचारलं आणि मी 'हो' म्हटलं. बंदराच्या कचेरीत एक जागा रिकामी होती, त्यानं अर्ज केला, ती मिळाली. ठरलं असं : मंगळवारी साडेअकराला विवाह नोंदणी कचेरीत सह्या करायच्या, तीन आठवड्यांनी त्याचा करार संपला की त्यानं बॅग घेऊन कायमचं गावात यायचं. बाबांनी नवा शर्ट घेतला. मावशीनं माझ्यासाठी मोतिया रंगाचे कपडे शिवले, दोनदा उसवले, तिसऱ्यांदा तिच्या मनासारखे झाले.

त्याआधीच्या खेपेला तो आला तेव्हा फार बोलत होता. कंपनी नवं जहाज काढतेय, याच्या दुप्पट, आणि त्यावरच्या सगळ्या सहलींचा प्रमुख त्याला करायचं म्हणताहेत. हे सगळं त्यानं हसत हसत सांगितलं, विनोद सांगावा तसं.

"तू काय म्हणालास?"

"नाहीच म्हणणार ना."

"म्हणालास का, ते विचारतेय."

"म्हणेन गं..."

मी खिडकीतून थोडी पुढे झाले. "हे बघ, यायचं नसेल तर आत्ता सांग. मी रडेन, चार दिवस जेवणार नाही, पण उभी राहीन. फक्त मला वाट बघत ठेवू नकोस."

त्यानं दोन्ही हात खिडकीतून आत घालून माझे हात धरले. "मंगळवारी पहिल्या बोटीतून उतरतो की नाही, बघच तू."

मी बघायला गेले. सगळं गावच गेलं म्हणा ना. टॅक्सीवाले रांगेत होते, चित्रांची कार्डं विकणारा दुकानदार स्टँड मांडत होता, मावशी फुलं घेऊन माझ्या शेजारी उभी होती. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं. इतकं शांत पाणी महिन्याभरात बघितलं नव्हतं, असं बाबा सकाळीच म्हणाले होते.

नऊला बोट सुटली. तो नेहमीसारखाच उभा होता, गणवेशात. बोट जवळ आली, आणखी जवळ आली. वीस हातांवर आली तेव्हा त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसला, आणि त्याला माझा. बाबांनी दोर झेलायला दोन्ही हात पुढे केले. मी हात वर केला. त्यानंही केला. पण त्याच्या हातात वायरलेस होता. वायरलेस तोंडाशी नेऊन तो काहीतरी बोलला, जेमतेम चार शब्द. सुकाणूवरच्या खलाशानं चमकून आधी त्याच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. मग बोट वळली. तो पाठ करून उभा राहिला, आणि ती पाठ लहान लहान होत गेली.

थोड्या वेळानं धक्क्यावरच्या भोंग्यातून घोषणा झाली. लाटांमुळे उतरणं धोक्याचं असल्यानं जहाज आज थांबणार नाही, पुढच्या बंदराकडे जात आहे.

धक्क्यावर एकच गलका उठला. टॅक्सीवाले चरफडत होते, दुकानदार कार्डं परत खोक्यात भरत समुद्राचा उद्धार करत होता. इतक्या लांबून काय लाटा दिसल्या असतील त्यांना, खोल पाण्यात असतील, समुद्राचा कधी भरवसा नसतो, असं जो तो एकमेकाला समजावत होता. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. समुद्रच आडवा आला, पोरी, त्याला बिचाऱ्याला तरी काय वाटत असेल, पुढच्या खेपेला करू, असं ती म्हणत राहिली.

हे मानून टाकणं किती सोपं होतं. पंधरा दिवस सगळ्या गावानं मला गोंजारलं असतं. त्यानंही माझ्यासाठी ही पळवाट मुद्दाम ठेवली असेल, आणि तिला दया समजत असेल. मुलीला तोंडावर 'नाही' म्हणण्यापेक्षा कॅप्टनला म्हणणं हलकं. मला तो हवा होता. त्या क्षणीही, त्या पाठीसकट हवा होता, हीच सगळ्यात वाईट गोष्ट.

बाबा पायऱ्या चढून वर आले. त्यांचा नवा शर्ट कोरडा ठाक होता. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते बोलणार नव्हते. माझी लाज राखायला ते आयुष्यभर समुद्रालाच दोष देत राहिले असते.

"घरी जायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मावशीकडे वळले, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"समुद्राला बोल लावू नकोस, मावशी. पाणी चांगलं होतं. बाबांना विचार. त्याला उतरायचं नव्हतं."

कार्डांच्या दुकानदारानं मान खाली घातली. बाबांनी एकदाच होकारार्थी मान हलवली आणि दुसरीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

मी मावशीच्या हातातली फुलं घेतली, खिडकीत जाऊन बसले आणि विवाह नोंदणी कचेरीला फोन केला. साडेअकराची वेळ दुसऱ्या कुणाला हवी असेल तर द्या, असं सांगितलं.